उसनी तुच्छता

भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की रायगडच्या किनारपट्टीवर कबड्डीचे दिवस सुरू होतात. गावदेवीच्या जत्रेत सामने, मंडळाच्या वर्धापनदिनाला सामने, आणि त्याच सुमारास महाविद्यालयांचेही सामने. या जिल्ह्यात ज्याने लहानपणी मातीत गुडघे फोडून घेतले नाहीत असा शेतकऱ्याचा वा कोळ्याचा मुलगा शोधून सापडणार नाही. त्यामुळे या खेळाविषयी दोन कठोर शब्द लिहिताना लेखणी थोडी अडखळते. परंतु हे शब्द खेळाविषयी नाहीत, रिंगणाबाहेर उभे राहून ओरडणाऱ्यांविषयी आहेत. आणि त्यांना ओरडायला शिकविणाऱ्यांविषयी अधिक.

गेल्या मोसमात अशाच एका आंतरमहाविद्यालयीन सामन्याला हजर राहण्याचा योग आला. एक महाविद्यालय तालुक्याच्या गावचे. जुने, विज्ञान शाखा असलेले, दुमजली इमारतीचे. दुसरे खाडीपलीकडचे, अलीकडे निघालेले, कला आणि वाणिज्य या दोनच शाखांवर कसेबसे उभे असलेले. नावे मुद्दाम देत नाही. वाचकांनी आपल्या परिचयाची कोणतीही दोन शेजारची महाविद्यालये तेथे कल्पावीत. सामना उत्तम झाला. खाडीपलीकडच्या एका सडपातळ मुलाने तीन गडी अंगावर असताना मध्यरेषेला बोट लावले, तेव्हा माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्याही अंगावर काटा आला. पण त्या चढाईला टाळ्या पडल्या नाहीत. तो मुलगा उठून अंगावरची माती झटकू लागला तेव्हा समोरच्या बाजूच्या शंभर-दीडशे तरुणांनी एकाच वेळी नाके दाबून धरली. मासळीचा वास येतो, असे त्यांना सुचवायचे होते. मुलगा कोळीवाड्यातला होता.

उत्तर यायला वेळ लागला नाही. खाडीपलीकडच्या पोरांनी तालात घोषणा सुरू केली : “बंगल्याचे राखणदार! बंगल्याचे राखणदार!” आणि मी पाहिले की हा घाव वर्मी बसला. नाके दाबणारे हात खाली आले. कारण त्या गर्दीतल्या कित्येकांच्या घरची जमीन मुंबईच्या कोणा धनिकाने घेतलेली आहे, तिच्यावर आता नारळाच्या रांगांत लपलेला बंगला उभा आहे, आणि त्या बंगल्याच्या फाटकाशी ज्याची जमीन होती तोच खुर्ची टाकून बसलेला असतो. टोमणा खरा होता म्हणूनच तो झोंबला. त्यानंतर सामन्यात कोण जिंकले हे लिहिण्यात अर्थ नाही, बाहेर एस.टी. स्थानकावर दगड उडाले, दोन मुलांची डोकी फुटली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी आपापल्या विद्यार्थ्यांची बाजू घेतली.

आता या दोन शिव्यांकडे जरा थंड डोक्याने पाहावे. मासळीच्या पाटीजवळून जाताना नाकाला रुमाल लावण्याची रीत आपल्या किनाऱ्याची आहे काय? येथे भाताच्या बदल्यात सुकी मासळी आणि मासळीच्या बदल्यात भात, असा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालला. शेतकऱ्याच्या घरात सुकट-बोंबलाचा वास हा पावसाळ्याची बेगमी झाल्याचा वास असे. नाक दाबणे हे शहरातल्या आगगाडीच्या डब्यात, कोळणीला वाट देण्यापूर्वी अंग चोरणाऱ्या प्रतिष्ठितांचे लेणे आहे. आणि ‘राखणदार’ ही शिवी कोणाची? राखण करणे यात लाजिरवाणे काय आहे, हे एखाद्या कष्टकऱ्याने सांगावे. फाटक उघडायला उशीर झाला म्हणून मोटारीतून डोके बाहेर काढणाऱ्या मालकाच्या तोंडी ती शोभते. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर फेकलेले दगड एकाच खाणीतले होते, आणि ती खाण मांडव्याच्या धक्क्यापासून तासाभराच्या जलप्रवासावर आहे.

मुंबईने या जिल्ह्याला दिलेली एक ‘देणगी’ तर साऱ्या देशाला ठाऊक आहे. एखाद्याला बावळट, अडाणी ठरवायचे असले की “अलिबाग से आया क्या?” असे विचारायचे. हिंदी चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीवरच्या विनोदवीरांनी ही मल्लिनाथी घराघरांत पोहोचविली. जाता जाता सांगायला हरकत नाही की, मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे बिघडणार असे दिसू लागले, तेव्हा ते शास्त्रीय काम विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागेत हलविण्यात आले. १९०४ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तेथे होत आहेत. तेव्हा अलिबागहून काय आले, याचे एक उत्तर ‘पृथ्वीच्या चुंबकत्वाविषयीचे शास्त्रज्ञांचे ज्ञान’ असेही आहे. पण टिंगल करणाऱ्याला उत्तर नको असते.

या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून अलिबाग तालुक्यातील एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. विनोद तर प्रत्येक समाजावर होतात, मनाला लावून घेऊ नये, अशा आशयाचा सल्लाही मिळाला. भाषेवर बंदी घालून माणसे सुधारत नाहीत, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु ‘मनाला लावून घेऊ नये’ हा सल्ला ज्याला कोणी हिणवलेले नाही त्यालाच देता येतो. अपमान मनाला लागतोच. प्रश्न इतकाच की लागलेल्या अपमानाचे माणूस पुढे काय करतो. अलिबागच्या तरुणाने मुंबईला जाऊन जाब विचारला नाही. त्याने तो अपमान जपून घरी आणला आणि खाडीपलीकडच्याला दिला. खाडीपलीकडचा तो आणखी आतल्या, डोंगरपायथ्याच्या गावातल्या मुलाला देतो. त्या साखळीच्या तळाशी कातकरी मुलगा आहे. तो महाविद्यालयात पोहोचतच नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी घोषणा तयार करण्याची गरज कोणाला पडलेली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला ‘श्रेणीबद्ध विषमता’ म्हटले, त्यातील मर्म हेच आहे. वरच्याने तुडविले तरी खालच्याला तुडविण्याची मुभा उरते, आणि त्या मुभेच्या मोहाने कोणीच सारी उतरंड पाडायला हात लावीत नाही. ज्या जिल्ह्यात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर या उतरंडीला पहिला जाहीर धक्का बसला, त्याच जिल्ह्यातल्या क्रीडांगणावर महाविद्यालयांची नावे घेऊन ती पुन्हा रचली जावी, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही. न्यूनगंड हा शब्द आपण मानसशास्त्राकडून घेतला आणि तो एकेका व्यक्तीचा आजार समजून बसलो. येथे तो तालुक्यातालुक्यांना जडलेला आहे. जुन्या महाविद्यालयाचा विद्यार्थी मुंबईच्या महाविद्यालयापुढे स्वतःला कमी समजतो. त्या कमीपणाची भरपाई तो शेजाऱ्याला नाक दाबून दाखवून करतो. मुंबईच्या संघाकडून हरला तर तो गप्प घरी येतो. शेजाऱ्याकडून हरला तर मात्र जगणे नकोसे होते. कारण मग आपण कोणाच्या वर आहोत हे सांगायलाच कोणी उरत नाही.

येथे काही सुज्ञ मंडळी हसतील. पोरसवदा वयातला जोश आहे, खेळ म्हटला की एवढे चालायचेच, असे ते म्हणतील. त्यांना आपल्याच इतिहासातले एक पान दाखवावेसे वाटते. मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे संघ पाडून वर्षानुवर्षे क्रिकेट खेळले गेले. १९३७ पासून त्यात ‘इतर’ मिळून पंचरंगी सामने झाले आणि १९४६ मध्ये ते बंद पडले. तेव्हाही ‘खेळ आहे, चालायचेच’ असेच सांगत. हिंदूंच्या संघाचा आधारस्तंभ होता बाळू पालवणकर, चर्मकार समाजातला अव्वल फिरकी गोलंदाज. त्याच्या बळींवर जल्लोष करणाऱ्यांनी पुण्यात त्याला चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला. कर्णधारपद त्याला कधीही मिळाले नाही. १९२३ साली ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही पालवणकर बंधूंनी १९२० मध्ये बाणेदारपणे माघार घेऊन प्रश्न ऐरणीवर आणल्यानंतर. समोरच्या तंबूविरुद्ध घसा फोडून ओरडणाऱ्या गर्दीला आपल्या तंबूतले हे भांडे दिसत नव्हते. शेजाऱ्याविरुद्धचा गोंगाट असाच उपयोगी पडतो. त्यात घरातले ऐकू येत नाही.

तर मग सामनेच बंद करावेत काय? जॉर्ज ऑर्वेलने १९४५ च्या डिसेंबरात ‘ट्रिब्यून’ या इंग्लंडमधील समाजवादी साप्ताहिकात लिहिताना, असे सामने राष्ट्राराष्ट्रांत सद्भाव नव्हे तर वैरच वाढवितात, असा निष्कर्ष काढला होता. मॉस्कोच्या डायनॅमो संघाच्या ब्रिटनमधील दौऱ्याचे ते निमित्त होते. ऑर्वेलविषयी आदर बाळगूनही हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. निदान कबड्डीबाबत नाही. या खेळाला बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. म्हणून तो गरिबाचा राहिला. आणि यात बहुतेक गुण स्पर्शानेच मिळतात. ज्या समाजात शिवाशिवीने माणसे मोडली, तेथे सात जणांनी एकाला कवेत धरणे आणि त्याने सर्वांना शिवून परत जाणे, ही गोष्ट लहान नाही. रिंगणातल्या चौदा मुलांत मला त्या दिवशी वैर दिसले नाही. पकडीत मान आवळली गेली तेव्हा पकडणाऱ्यानेच हात देऊन उठविले. ही मुले उद्या पोलिसांच्या, रेल्वेच्या, एखाद्या बँकेच्या संघात नोकरीसाठी धडपडतील आणि नशिबाने साथ दिली तर एकाच रंगाचा सदरा घालून एकाच खोलीत राहतील. डोकी फुटली ती न खेळणाऱ्यांची.

या न खेळणाऱ्यांच्या जोशाची किंमत कोणी तरी वसूल करतो, हेही पाहायला हवे. मैदानाच्या प्रवेशद्वारी कमानीवर कोणाची छायाचित्रे असतात? जमिनीचे दलाल, रेतीचे ठेकेदार, आणि येत्या निवडणुकीतले इच्छुक. रोख बक्षिसे त्यांची, ध्वनिक्षेपक त्यांचा, पोरांना ने-आण करणाऱ्या गाड्या त्यांच्या. दोन गावे एकमेकांच्या तोंडाकडे पाहीनाशी झाली की सौदा करणे सोपे जाते. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर कबड्डीची व्यावसायिक साखळी सुरू झाली, खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. मुंबई आणि पुणे यांच्या संघांतली चुरस ही तर जाहिरातीचा मालच आहे. काही गरीब मुलांच्या हाती त्यामुळे पैसा आला, त्याबद्दल आनंदच आहे. परंतु शेजाऱ्याविषयीचा मत्सर हा तेथे विक्रीचा जिन्नस असतो, एवढे प्रेक्षकाने ओळखले तरी पुष्कळ.

आणि मुलींचे काय? त्याच दिवशी सकाळी मुलींचा सामना झाला. दोन्ही बाजूंचे मिळून चाळीस प्रेक्षक नव्हते. जे होते त्यांतले बरेचसे खेळ पाहायला आले नव्हते. महाविद्यालयाची अब्रू जिच्यात गुंतली आहे असे ओरडून सांगितले जाते, ती कबड्डी मुली खेळू लागताच कोणाचीच राहत नाही.

या जिल्ह्यातली शेजारपणाची रीत याहून वेगळी होती. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांविरुद्ध संपाचा निर्धार केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली परिसरातील पंचवीस गावांनी १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, खोतांच्या जमिनी ओस ठेवल्या. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या सहा वर्षांत एका गावाने शेजारच्या गावाची खोड मोडण्यासाठी खोताचा नांगर धरला असता तर संप त्याच पावसाळ्यात बुडाला असता. खारेपाटातली माणसे तेव्हा उपाशी राहिली, लाकडे तोडून जगली, पण नांगर धरला नाही. फार जुने वाटत असेल तर पेण तालुका घ्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले आणि प्रचंड बहुमताने जमिनी देण्यास नकार देण्यात आला. त्या बावीस गावांचेही कबड्डीचे संघ होते, त्यांच्यातही खुन्नस होती. मतदानाच्या दिवशी ती कोणी आठवली नाही.

नाके दाबणाऱ्या आणि राखणदार म्हणून हिणविणाऱ्या तरुणांना म्हणून काही व्यवहाराचे विचारावेसे वाटते. प्रवेश घेताना प्रत्येकाने क्रीडाशुल्क भरले. त्याचा जमाखर्च तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे? मोठे सामने आता मॅटवर होतात आणि तुमचा सराव मातीवर. मॅटवर पाय कसा घसरतो हे तुमच्या चढाईपटूला सामन्याच्या दिवशीच कळावे, हा अन्याय दोघांवर सारखाच होत नाही काय? एका महाविद्यालयाला मैदान आहे पण प्रशिक्षक नाही. दुसऱ्याकडे निवृत्त झालेला एक जुना खेळाडू फुकट शिकवायला तयार आहे, पण मैदानाच्या निम्म्या भागात संस्थेने दुचाकी उभ्या करण्याची सोय केली आहे. दोन्ही गावांमध्ये अंतर एका एस.टी.च्या फेरीचे. मी दोन्ही प्राचार्यांना भेटून सुचविले की आठवड्यातून दोन दिवस दोन्ही संघांनी एकाच मैदानावर एकत्र सराव करावा, आणि दोघांनी मिळून एक मॅट घ्यावी. एक म्हणाले, आमच्या मुलांना ते आवडणार नाही. दुसरे म्हणाले, त्यांच्या मुलांना विचारा. मी मुलांना विचारले. त्या कोळीवाड्यातल्या मुलाने एवढेच विचारले की सराव किती वाजता सुटेल, कारण संध्याकाळी सहानंतर त्याच्या गावाला गाडी नाही.