आटलेल्या गाईची गव्हाण

आज वसुबारस. आश्विन वद्य द्वादशीला पूजा होते ती वासरासह उभ्या असलेल्या गाईची. पण कितीतरी गोठ्यांत आज खोळंबा आहे तो त्या वासराचाच. गाय माजावर येते, रेतन होते, एकवीस दिवसांनी पुन्हा उलटते. असे तीन-चारदा झाले की मालक दुकान गाठतो आणि जीवनसत्त्वांची बाटली घेऊन येतो.

दोष बाटलीचा नाही, वेळेचा आहे. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. वर्षाला एक वेत हवे, तर व्यायल्यावर ८५ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. त्याची तयारी आधीच्या दोन भाकड महिन्यांत होते; आणि दूध नाही म्हणून पेंड बंद होते तीही नेमकी तेव्हाच! गव्हाणीत उरतो नुसता कडबा. उन्हात वाळताना त्यातले कॅरोटीन आणि जीवनसत्त्व ‘ई’ बहुतेक गेलेले असते. पावसाळ्यात पिवळेधमक निघणारे गाईचे तूप उन्हाळ्यात फिके पडते, ते याच कॅरोटीनवाचून. यापासूनच गाय जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते. गर्भ टिकवणारे संप्रेरक देणारा बीजांडावरचा पीतपिंडही याच रंगद्रव्याने पिवळा असतो.

‘ई’ आणि सेलेनियम ही जोडी वार पडण्याशी निगडित आहे. ती दिल्यावर वार अडकण्याचे प्रमाण घटते, हे ब्रिटनमध्ये १९६९ सालीच दिसले होते. वार अडकली की गर्भाशयाला सूज येते आणि पुढचा माज लांबतो.

म्हणून जास्त दिले की जास्त गुण, असे मात्र नाही. नेदरलँड्समध्ये भाकड काळात रोज ३००० आययू ‘ई’ दिलेल्या गाईंत कासदाह उलट वाढला. सेलेनियमचे प्रमाण चुकले तर ते विषच. ‘बी’ गटातली जीवनसत्त्वे गाईच्या कोठीपोटातले जंतूच बनवतात. निरोगी गाईला त्यांची बाटली क्वचितच लागते. शिवाय उलटणारी प्रत्येक गाय जीवनसत्त्वांवाचून अडलेली नसते. कुठे माज ओळखण्यात चूक होते, कुठे गाय व्याल्यावर हाडे दिसेपर्यंत खंगलेली असते.

तेव्हा गोपालकांनो, आज पुरणाचा घास जरूर भरवा. पण गाय आटवली म्हणून तिचा खुराक तोडू नका. हिरवी वैरण चालू ठेवा, आणि भाकड काळातल्या खनिज-जीवनसत्त्वांची मात्रा दुकानदाराकडून नव्हे, पशुवैद्यकाकडून लिहून घ्या.