चिपच्या धंद्यात पहिल्या थराची किंमत

चिपच्या कारखान्यांची चर्चा आता कापडबाजारातही ऐकू येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. धोलेऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण इमारत आणि यंत्रे म्हणजे हुन्नर नव्हे. माग विकत घेणारा प्रत्येक जण विणकर होत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

सिलिकॉनवर ऑक्साइडचा स्फटिकी पापुद्रा चढवण्याचे काम घ्या. सिलिकॉनला प्राणवायू लागला की त्यावर लगेच काचेसारखा थर धरतो. त्यात अणूंची शिस्तशीर रांग नसते. खालीच रांग नसेल तर वर कुठून येणार? अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या रॉडनी मॅकी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये यावरचा उपाय प्रसिद्ध केला. हवा पूर्ण उपसलेल्या पेटीत आधी स्ट्रॉन्शियमचा एका अणूच्या जाडीचाही नसलेला थर, मग स्ट्रॉन्शियम टायटेनेट. दोघांची वीण निराळी : सिलिकॉनची ५.४३ अँगस्ट्रॉम, टायटेनेटची ३.९०५. (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग.) सरळ ठेवले तर जुळत नाही. ४५ अंशांत फिरवून, शिंप्याच्या भाषेत उरेब, ठेवले की फरक २ टक्क्यांच्या आत येतो.

२००१ मध्ये मोटोरोलाने याच थरावर गॅलियम आर्सेनाइड वाढवल्याचे जाहीर केले. गाजावाजा खूप झाला, धंदा उभा राहिला नाही. नमुना आणि थान यांत फरक असतो. पुढे झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेने बेरियम टायटेनेट घेतले. विजेचा इशारा प्रकाशावर उमटवण्यात ते आज प्रचलित असलेल्या लिथियम नायोबेटच्या सुमारे ३० पट जोरदार आहे. त्यातून लुमिफेज ही कंपनी २०२० मध्ये निघाली. म्हणजे पहिल्या थरापासून दुकानाच्या पाटीपर्यंत बावीस वर्षे!

सात वर्षांत कर्ज फेडायला सांगणारी बँक इथे कामाची नाही. सरकारी पैशातला ठरावीक हिस्सा अशा थर वाढवणाऱ्यांसाठी पंधरा वर्षे बांधून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या कामाला फक्त डॉक्टरेटवालेच लागतात असेही नाही. स्टीलच्या पेटीचे वेल्डिंग, पंपांची दुरुस्ती, सुईच्या टोकाहून बारीक गळती शोधणे, ही कारागिराची कामे आहेत. आपल्या आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डरचे वर्ग चालतात. त्यांना ही पेटी कोणी दाखवणार आहे का?