गंगाखेडची साधना

हलक्या कुळातील कष्टाळू मुलगी साधनेच्या पायऱ्या चढत अमरत्वापर्यंत जाते, हे चिनी ‘शियानशिया’ कादंबऱ्यांतील एक आवडते कथासूत्र. इंग्रजी अनुवादांमुळे या कादंबऱ्या आता जगभर वाचल्या जातात. परभणी जिल्ह्यातील वाचकाला त्यावरून गंगाखेडची जनाबाई आठवली नाही तरच नवल.

शूद्र कुळातील ही दासी पंढरपुरी नामदेवांच्या घरी दळण, कांडण, शेण्या वेचणे अशी कामे करीत राहिली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. चिनी नायिकेला कष्टाच्या मोबदल्यात सामर्थ्य मिळते, तिचा दर्जा पालटतो. जनाबाईचा पालटला नाही. अभंगांतही ती स्वतःला नामयाची दासीच म्हणविते. साधनेसाठी निराळा वेळ तिच्यापाशी नव्हता, म्हणून ती जात्यापाशीच झाली. चौदाशे वर्षे जगलेले म्हणून प्रसिद्ध असलेले योगी चांगदेव अखेर मुक्ताबाईचे शिष्य झाले, ही कथाही आपलीच. पण त्यांना कोणाचे दळण दळावे लागले नव्हते!

विठ्ठल जनीबरोबर दळू लागला, या आख्यायिकेचे कौतुक पुष्कळ होते. ते भक्तीचे म्हणून योग्यच. परंतु वाटेकरी म्हणून देवच यावा, एवढे दळण एका बाईवर का पडत होते, हा प्रश्नही गंगाखेडच्या वर्गांतून विचारला जावा.