गॅसकेट स्वस्त, उशीर महाग



उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की बागलाणातल्या गाड्यांना उसंत नसते. सटाण्याहून देवळामार्गे चांदवडकडे निघालेली भरलेली पिकअप भावडबारीचा चढ चढत असते, ऊन मी म्हणत असते आणि नेमका तेव्हाच उष्णतेचा काटा लाल पट्टीकडे सरकतो. गाडी भरवशाची, आजवर कधी अडलेली नाही. म्हणून आपण म्हणतो, "मार्केट गाठू, मग बघू." तेवढ्या अंतराची किंमत पुढे इंजिनाच्या बिलात मोजावी लागते.

हेड गॅसकेट म्हणजे काय, ते आपल्या स्वयंपाकघरात पाहा. कुकरच्या झाकणाची रिंग खराब झाली की वाफ निसटते. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये तशीच एक पातळ चकती असते. सिलिंडरमधला जाळ, ऑइल आणि पाणी ही तिन्ही ती वेगवेगळी ठेवते. पुष्कळ गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. इंजिन फाजील तापले की हेड वाकते, गॅसकेटवरचा दाब सुटतो आणि ती फुटते.

लक्षणे ओळखा. बाहेर गळती नसताना पाणी कमी होते. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते.

आता खर्चाचा हिशेब. गाडीगणिक आणि गॅरेजगणिक आकडा बदलतो, पण बिलाची रीत सगळीकडे एकच. गॅसकेट हा त्यातला लहान भाग. मोठा भाग मजुरीचा, कारण ती बदलायला वरचे सगळे इंजिन उतरवावे लागते. मग हेड वाकले किंवा तडकले आहे का याची तपासणी आणि गरज पडल्यास ते मशीनवर सपाट करणे. त्यावर नवे ऑइल, फिल्टर, कूलंट आणि काही गाड्यांत नवे हेड बोल्ट. शेवटी मूळ दोषाची दुरुस्ती: चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा फुटका पाइप. हा शेवटचा खर्च वाचवला तर नवी गॅसकेटही पुन्हा जाते. आणि गाडी तापलेलीच पळवली असेल, तर हेड तडकते, पिस्टन धरतात आणि काम गॅसकेटवरून अख्ख्या इंजिनावर जाते.

गॅरेजमध्ये प्रत्येक बाबीचा खर्च वेगळा लिहून घ्या. हेड तपासल्याखेरीज बसवू देऊ नका. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा. रेडिएटरमध्ये गळती बंद करणारे औषध ओतणे हा तात्पुरता इलाज आहे. त्याने रेडिएटरच चोंदण्याची भीती असते.

जुन्या गाडीवर हा खर्च करावा का? ऑइलचा दाब चांगला असेल, निळा धूर नसेल आणि सांगाडा धड असेल, तर अवश्य करावा. तुलना गाडीच्या मोडीच्या भावाशी करू नका. तेच काम करणारी दुसरी गाडी केवढ्याला पडेल, तिचा हप्ता किती बसेल, त्याच्याशी करा.

काटा लाल झाला की गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. निदान अर्धा तास रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी अंगावर येते. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो. कांदा दुसऱ्या गाडीत भरा. ते भाडे इंजिनापेक्षा नक्कीच कमी असते.

विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने ठिबकच्या नळ्या कशा बुजतात, हे डाळिंबवाल्यांना सांगायला नको. रेडिएटरच्या नळ्याही तशाच बुजतात. त्यात कंपनीचे कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, सांगितलेल्या प्रमाणातच घाला. रोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी आणि ऑइल पाहा. दोन मिनिटांचे काम आहे. घरातल्या कोणीही करावे. पाणी वारंवार कमी होत असेल, तर काढणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात गाडी मिस्त्रीला दाखवा.