शाबासकी पगारात धरू नका


‘काम चोख करण्याचाच पगार मिळतो, मग सहकाऱ्यांचं वेगळं कौतुक कशाला?’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचं मत मला मुळीच पटलं नाही. त्यांनी पावसाळ्यात एकदा कर्जतला यावं.

कर्जतच्या पुढे लागणाऱ्या भोर घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. 1863 पासून तो गाड्यांचा दम काढतोय, म्हणून लोणावळ्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. गाडी थांबते तेवढ्यात प्रवासी वडापाव घेतात. मागे कपलिंग जोडणारा कुणाच्या नजरेस पडत नाही. घाटात ठाकूरवाडी, मंकी हिलच्या बाजूला भर पावसात, रात्री, बॅटरीच्या उजेडात दरड आली का हे पाहत चालणारा गस्तवालाही नाही. सगळं सुरळीत गेलं की त्याचं काम दिसतच नाही. ते कळतं सोबत राबणाऱ्यालाच, आणि त्यानेच ते बोलून दाखवायला हवं.

तोंडपुजेपणा वाढेल ही पत्रलेखकाची भीती रास्त आहे. म्हणूनच नुसतं ‘छान’ म्हणू नये. ‘काल तो सैल बोल्ट तू वेळेत पाहिलास’ असं नेमकं सांगावं, तेही चारचौघांत. मध्य रेल्वे सतर्क कर्मचाऱ्यांना सुरक्षा पुरस्कार देते, ते योग्यच. पण पुरस्कार एखाद्यालाच मिळतो, शब्द रोज देता येतो. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतील सुपरवायझरांनीही पाळी सुटताना एवढं जरूर करावं, ही विनंती.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कर्जत