युवक, प्रसारमाध्यमे आणि माध्यम-शिक्षणाची निकड

आजच्या युवावर्गाच्या हातातील मोबाईल हे केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही. बातम्या, गाणी, पोशाखाच्या आवडी आणि इतर समाजांविषयीचे ग्रहदेखील त्याच पडद्यावरून मनात उतरत असतात. पालक व शिक्षक याविषयी चिंता व्यक्त करतात, ती रास्तच आहे. मात्र या चिंतेची परिणती बहुधा बंदीच्या मागणीत होते. केवळ बंदीने हा प्रश्न सुटेल का, याचा आपण विचार करायला हवा.

भारत सरकारने २९ जून २०२० रोजी सुरक्षेच्या कारणास्तव टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’, तर सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ आणले. अ‍ॅप गेले, पण सवय राहिली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. अशा कायद्यामुळे काही वर्षांची उसंत मिळते. परंतु सोळावे वर्ष लागताच विवेक आपोआप येत नाही.

विवेक हरपला म्हणजे काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांचा बळी घेतला. तेव्हा अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर पसरत होत्या. त्यांसोबत फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात आणि शेवटी ते सुखरूप परत आणतात, असे ते दृश्य होते. हा शेवटच कापून टाकण्यात आला आणि जनजागृतीची चित्रफीत दहशतीचे साधन बनली.

हे कोणी चित्रित केले? कोठे व कशासाठी? यातून काय वगळले आहे? हे प्रश्न विचारायला शिकवणे म्हणजेच माध्यम-शिक्षण होय. केरळ सरकारने २०२१ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या उपक्रमाद्वारे शालेय विद्यार्थ्यांना खोटी माहिती ओळखण्याचे धडे देण्याचे काम हाती घेतले. ख्रिस्तसभेलाही हा विचार नवा नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांविषयीच्या आदेशपत्रात, विशेषतः तरुणांना माध्यमांच्या योग्य वापराचे शिक्षण द्यावे, असे सांगितले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनाचा संदेश मुले, माध्यमे व शिक्षण याच विषयाला वाहिला होता.

हे कार्य आपल्या धर्मशिक्षण वर्गांत आणि युवक मंडळांत सहज सुरू करता येईल. मुलांना आलेला एखादा संदेश सर्वांनी मिळून तपासावा. पालकांनीही त्या वर्गात बसावे, कारण अफवा पुढे पाठवणारे हात अनेकदा आपल्या वडीलधाऱ्यांचेच असतात.