पंखा बदलण्यापूर्वी वायुनलिका तपासा

झाशी जिल्ह्यातील बबीनासारख्या उष्ण, धुळीच्या प्रदेशात अळिंबीगृहातील हवा खेळती ठेवणे हा थेट उत्पादनाचा प्रश्न आहे. कार्बन डायऑक्साइड साचल्यास अळिंबीचे देठ लांबतात, छत्र्या लहान राहतात. अशा वेळी मोठा पंखा सुचवणे घाईचे ठरते. दोष पुष्कळदा धुळीने भरलेल्या जाळीत, सैल बेल्टमध्ये किंवा फाटलेल्या वायुनलिकेत असतो. थ्री-फेज जोडणीत दोन तारांची अदलाबदल झाल्यास केंद्रोत्सारी पंखा उलटा फिरूनही हवा पुढेच ढकलतो, परंतु फारच कमी. म्हणून फिरण्याची दिशा आवरणावरील बाणाशी ताडून पाहावी. जाळी व बेल्ट मात्र वीज तोडूनच हाताळावेत. विस्तार कार्यकर्त्यांनी खरेदीच्या सल्ल्याआधी ही तपासणी करावी. फाटक्या नलिकेवर बसवलेला मोठा पंखा प्रामुख्याने वीजबिलच वाढवतो.